संगीताच्या प्रवेशपरीक्षेला काय गाऊ? यमन की जोग?

दौलतगंजवाली (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. बारावी झाली. कॉमर्स नको, गाणंच शिकायचंय हे बाबांना एकदाचं पटलंय, त्यामुळे आता माघार नाही. फॉर्म तीन जागी भरतेय: आपलं मानसिंह तोमर विद्यापीठ, पुण्याचं ललित कला केंद्र आणि बडोद्याची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. प्रत्यक्ष गाऊन दाखवायचंय आणि घोडं तिथेच अडलंय.

मध्यमा पूर्ण ही संगीताची परीक्षा झालीय. यमन, भीमपलास, बागेश्री, केदार, बिहाग, जौनपुरी, वृंदावनी सारंग हे राग बऱ्यापैकी बसलेत. त्यातले बडा ख्याल (संथ लयीतली मोठी रचना) नीट म्हणता येईल असे दोनच, यमन तिलवाडा तालात आणि बागेश्री विलंबित (संथ) एकतालात. गुरुजी म्हणतात यमन गा, विषय संपला. पण यमन तर रांगेतली निम्मी मुलं गाणार ना? ऐकणाऱ्यांना जांभया नाही का येणार? मी हिवाळ्यापासून यूट्यूबवर ऐकून ऐकून जोग बसवलाय. ताना छान जातात. मैत्रिणी म्हणतात तोच गा, इम्प्रेशन पडेल. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे इथे कुणी त्यांना ओळखत असेल तर गप्प बसा प्लीज.

आजीचं वेगळंच. तिचं माहेर सांगलीचं, तिच्या मते मराठी मुलीने नाट्यगीत गायलंच पाहिजे. एका माहितीपत्रकात "एक उपशास्त्रीय किंवा सुगम रचना" असं लिहिलंय, त्यात नाट्यगीत चालेल की भजन बरं? आणि नंबर सकाळी अकराला लागला तर बागेश्री गायलेलं चालतं का? की हसतील? माझी पट्टी (गायचा मूळ सूर) काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. ज्यांनी अशी परीक्षा दिलीय किंवा घेतलीय त्यांनी खरं खरं सांगा.

पेठकर (पुणे)

जोग बिनधास्त गा. शंभरात उठून दिसलं पाहिजे. माझ्या मित्राने मधुवंती गायला होता, झाली की ॲडमिशन.

पेटीवाले काका (लष्कर, ग्वाल्हेर)

पेठकर, तुमच्या मित्राची ॲडमिशन मधुवंतीमुळे झाली की मधुवंती गाऊनही झाली, हे त्यालासुद्धा सांगता यायचं नाही.

बेटा, मी परीक्षक नाही. मी पेटी वाजवतो. प्रवेशाच्या दिवसांत परीक्षकांच्या बाजूला बसून सकाळपासून दिवे लागेपर्यंत येईल त्याची साथ करायची, यात माझे कैक उन्हाळे गेले. त्यामुळे कोण काय गातं यापेक्षा कुणाला कुठे थांबवतात, हे मला जास्त पाठ झालंय. तेच सांगतो.

तुला पुरतं गाऊ देणार नाहीत, हे आधी डोक्यात घाल. मुलं वीस मिनिटांचा बडा ख्याल घोटून येतात आणि तीन-चार मिनिटांत समोरून आवाज येतो, "बस, आता छोटा ख्याल," म्हणजे जलद बंदिश. तेव्हा पोरगी कुठे असते? मंद्र निषादावर, म्हणजे खालच्या सप्तकातच. आलाप नुकता तापू लागलेला, अंतरा, म्हणजे बंदिशीचा वरच्या सुरांतला दुसरा भाग, अजून कोसभर लांब. परीक्षकाने अर्धी बंदिश ऐकली. तार (वरचं) सप्तक ऐकलंच नाही. तुझा तार षड्ज कितीही सुरेल असो, तो तुझ्या गळ्यातच राहिला.

इथे आपल्या गावची रीत उपयोगी पडते. ग्वाल्हेर गायकीत स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) आणि अंतरा दोन्ही आधी भरून घेतात आणि मग बढत, बहलावे, बोलताना हा विस्तार सुरू होतो. कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने विद्यालय काढलं, १९१८ मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मदतीने माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, तिथे राजाभैया पूछवाले पुढे प्राचार्य झाले. या सगळ्या मंडळींनी मुलांना हेच शिकवलं, की बंदिश आधी पुरती मांडा. त्यांच्या मनात प्रवेशपरीक्षा नव्हती, बंदिशीचा मान होता. पण परीक्षेला याच्याइतकी सोयीची दुसरी पद्धत मला तरी दिसलेली नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत स्थायी झाली, अंतऱ्यात तार षड्ज लागला, परत मुखड्यावर (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर) येऊन सम (तालाची पहिली मात्रा) पकडली. आता कुठेही थांबवा, तुझ्याजवळचं दाखवून झालेलं आहे.

म्हणून प्रश्न रागाचा कमी आणि बंदिशीचा जास्त आहे. मुखडा आटोपशीर हवा. अंतरा तार षड्जाला लवकर पोचणारा हवा. तुझा यमनचा तिलवाडा त्यासाठी उत्तम. आपल्याकडच्या लयीत तिलवाड्याचं आवर्तन (तालाची एक फेरी) अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुरं होतं, म्हणजे चार मिनिटांत सात-आठ आवर्तनं हाती येतात. विलंबित एकताल हल्ली मुलं जितका ओढून घेतात त्यात एकेक आवर्तन मिनिटभर चालतं. दोन आवर्तनं झाली, तिसरं सुरू, की घंटी. अमीर खाँसाहेब ऐका, रोज ऐका, इंदूरचं सोनं आहे ते. पण त्यांची ती अतिविलंबित लय आणि झुमरा ताल घेऊन परीक्षेला येऊ नका. त्या लयीत रंग भरायला खाँसाहेबांना वेळ होता, तुम्हाला नाही.

आता जांभयांचं. हो, यमन पुष्कळ ऐकावा लागतो. दुपारी दोनपर्यंत माझीही मान दुखते. पण तपासणाऱ्याला यमन ऐकताना डोकं खाजवावं लागत नाही. तीव्र मध्यम पुरता लागतोय की शुद्ध आणि तीव्र यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळतोय, पंचम नुसता स्पर्शून जातोय की त्यावर उभं राहता येतंय, हे त्याला क्षणात कळतं. म्हणजे चांगलं गाणारीचं चांगलंही क्षणातच कळतं. मागे एक मुलगा आला होता, बोलीवरून भिंड-मुरैन्याकडचा असावा. काळी एक. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तंबोरा चालू झाला आणि त्याने फक्त "नि रे ग" म्हटलं, गंधारावर थांबला. पेटीचा गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, रोज वाजवणाऱ्याला ते टोचतं. हा पोरगा तंबोऱ्यातला गंधार लावत होता. मी गंधाराच्या पट्टीवरचं बोट उचलून घेतलं आणि नुसता षड्ज-पंचम धरून बसलो. मधल्या खुर्चीवरच्या बाई तोवर फॉर्म चाळत होत्या, त्यांनी मान वर केली. त्या दिवशी त्याच्या आधी किती यमन झाले होते देव जाणे.

जोगबद्दल माझं मत ऐक आणि मग हवं ते कर. जोगमध्ये रिषभ-धैवत नाहीत, चढताना शुद्ध गंधार, उतरताना कोमल. दिसायला सोपा आहे आणि तानांना मोकळं रान आहे, म्हणूनच मुलांना आवडतो. पण तू गाऊन झालीस की समोरचा हमखास विचारणार, "तिलंग म्हणून दाखवा." कारण उतरतानाचा तो कोमल गंधार काढला तर तू तिलंगाच्याच गल्लीत उभी आहेस. किंवा म्हणतील, ताना राहू द्या, दोन्ही गंधारांचा नुसता आलाप करा. तिथे यूट्यूब आपल्याबरोबर येत नाही. शिवाय ऐकून बसवलेल्या रागात कुणातरी एकाच गायकाच्या जागा जशाच्या तशा येतात आणि परीक्षकांनी तो गायक तुझ्याआधी ऐकलेला असतो. "ही तान कुणाची?" असं हसत विचारतात. हसत असले तरी प्रश्न खराच असतो. गुरुजींना सांगून टाक, ते खाणार नाहीत.

वेळेचं म्हणशील तर अकराला बागेश्री गायली म्हणून कुणी उठवून लावत नाही. सगळे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे तर परीक्षकांना मुक्कामालाच राहावं लागेल. पण विचारतात, "बागेश्रीची वेळ कोणती?" सरळ सांगायचं, रात्रीची, माझी तयारी या रागाची जास्त आहे. आणि खिशात एक दिवसाचा राग असू दे. जौनपुरीचा किंवा सारंगचा छोटा ख्याल, दोन आलाप, चार ताना. "सकाळचं काही येतं का?" याला "नाही" हे उत्तर फार वाईट दिसतं. मी असतो तर जौनपुरी ठेवला असता. वृंदावनी सारंगात ग-ध नाहीत, निषाद दोन, आणि घाबरलेला गळा मध्यमाद सारंगात कधी शिरला ते कळतच नाही.

पट्टी. काळी चार तुझी संध्याकाळी साडेसहाची की सकाळची? झोपेतून उठलेला गळा खाली असतो. अकरा वाजता रोज आठवडाभर गाऊन बघ. अंतऱ्यात तार गंधाराला गळा ओढावा लागत असेल तर पांढरी पाच घे, अर्धा सूरच उतरायचाय, त्यात कमीपणा नाही. ओरडून लावलेल्या सुराला मार्क मिळालेले मी पाहिले नाहीत.

दांडियाबाजार (वडोदरा)

काकांनी पेटीकडून सांगितलं, मी तबल्याकडून सांगतो. ताई, तिकडे तुमचा तबलजी नसणार, तिथला असेल. तो दिवसभर वाजवून थकलेला, तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नाही. पुष्कळ मुली येऊन म्हणतात, "विलंबित तिलवाडा द्या." विलंबित म्हणजे किती? तुमच्या गुरुजींचं विलंबित वेगळं, माझं वेगळं. नुसतं तालाचं नाव सांगू नका. हातावर टाळी धरून मुखडा एकदा गुणगुणा, त्या लयीत मी ठेका उचलतो. दहा सेकंदांचं काम आहे. ठेका सुरू झाल्यावर "जरा हळू, जरा हळू" केलंत की लय डळमळते आणि परीक्षकाला वाटतं मुलीची लय कच्ची आहे.

दुसरं म्हणजे तबला मशीन. रोज त्याच आकड्यावर मशीन लावून गाणारी मुलं मी दुरून ओळखतो. माणूस वाजवतो तेव्हा लय केसभर पुढेमागे होते, ठेक्यात भरी (जादा बोल) येते, तिरकिट कधी दाट पडतं. आणि यांची सम हुकते. आतापासून आठवड्यातून एक-दोनदा तरी जिवंत तबल्याबरोबर गा, कॉलेजात शिकणारा कुणी पोरगा चालेल. त्याला सांगा, मुद्दाम भरून वाजव. तरी तिथे सम चुकलीच तर थांबू नका, "सॉरी" म्हणू नका, पुढचा मुखडा पकडा. चुकलेली सम सावरता येते हेही परीक्षकाला बघायचंच असतं.

तिलवाड्यात एक गंमत. "धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं." मात्रा त्रितालासारख्या सोळाच, पण सातव्या-आठव्याला "तिं तिं" ऐकून मुलांना खाली (टाळी न देता हात फिरवायची मात्रा) तिथेच आल्यासारखी वाटते आणि हात फिरतो. खाली नवव्यावर आहे, "ता"वर. हातावर ठाय (मूळ लय) आणि दुगुण (दुप्पट लय) म्हणायला सांगतात, तेव्हा हेच फसतं. जेवताखाता म्हणत राहा.

बडोद्याबद्दल एक, कारण मला हे दर वर्षी कुणीतरी विचारतंच. इथली गायनशाळा सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हातून सुरू केली, तिचीच आजची ही फॅकल्टी. पुढे दरबारात आग्रा घराण्याचे फैयाज खाँसाहेब होते, म्हणून बाहेरच्या मुलांना वाटतं की बडोद्यात आग्र्याचं नोमतोम (अर्थ नसलेल्या अक्षरांचा आलाप) केल्याशिवाय भागत नाही. काही गरज नाही ताई. तुमची तालीम ग्वाल्हेरची, तेच गा. गावागणिक घराणं बदलायला निघालात तर तिन्हीकडे अर्धवट ऐकू जाईल.

गाणारी मावशी (शिंदे की छावनी, ग्वाल्हेर)

आजीचं मन मोडू नकोस, पण आंधळेपणानेही ऐकू नकोस. नाट्यगीत उपशास्त्रीयात चालतं. अडचण अशी की पुण्यातल्या परीक्षकांच्या कानात त्या पदाची मोठ्यांनी गायलेली रेकॉर्ड आधीच वाजत असते आणि तू नकळत तिचीच नक्कल करतेस. इकडे ग्वाल्हेर-बडोद्याला शब्द समोर पोचत नाहीत, नुसत्या हरकती पोचतात. मी माझ्या विद्यार्थिनींना पुण्यासाठी नाट्यगीत आणि बाकी दोन्हीकडे कबीर किंवा सूरदासाचं पद असं वेगवेगळं देते. मेहनत दुप्पट होते, कुरकुर करतात.

निवडताना एवढं बघ, की बडा ख्यालात जे दिसलं नाही ते यात दिसलं पाहिजे. तू यमन गाणार म्हणजे सगळे शुद्ध स्वर आणि तीव्र मध्यम. मग दुसरी रचना परत यमनातली घेऊ नकोस (मुली घेतात! नाट्यपदांत यमन मुबलक आहे आणि सोयीचं वाटतं). भैरवी घे, म्हणजे कोमल स्वरांवर तुझा हात कसा आहे ते कळेल. ताल दादरा किंवा केरवा. ध्रुवपदाची (पुन्हा पुन्हा येणारी) ओळ आणि एकच कडवं, त्यात एक-दोन नेमक्या जागा. चार कडवी कुणी ऐकत नाही.

आजीला अभंग सुचवून बघ. तुकोबाचा अभंग म्हटला की नाट्यगीताचा हट्ट सुटतो, हा माझा घरचा अनुभव आहे. आणि ढोलीबुवांच्या मठात कीर्तन ऐकत वाढलेल्या ग्वाल्हेरच्या मुलीला अभंग कुणी शिकवावा लागत नाही.

टप्प्याचं (वेगवान तानांच्या गानप्रकाराचं) कुणी डोक्यात घातलं असेल तर काढून टाक. ग्वाल्हेरची म्हटल्यावर टप्पा हवा, असं सांगणारे हितचिंतक भेटतात. टप्प्याच्या त्या दाणेदार ताना अठराव्या वर्षी स्वच्छ निघणं कठीण, आणि अस्वच्छ टप्पा म्हणजे नुसती बडबड. तराणा (अर्थ नसलेल्या बोलांची रचना) गा, हवा तर. छोट्या ख्यालानंतर वेळ दिला तर द्रुतचा तराणा फार शोभतो आणि लयही दिसते.

पेठकर (पुणे)

काका, मधुवंतीचं लागलं बरं का मनाला. मित्राला विचारलं. तो म्हणतो मधुवंती मिनिटभरात थांबवला आणि मग भीमपलासच गायला लावला होता. मी माझा सल्ला मागे घेत नाही, पण आता जोरात देत नाही.

दौलतगंजवाली (ग्वाल्हेर)

काका, सांगितलं गुरुजींना. आधी काहीच बोलले नाहीत, पान जुळवत होते. मग म्हणाले, ऐकव. अख्खा जोग ऐकून घेतला, ताना पण. मग म्हणाले, "हां. अब तिलंग सुनाओ." मला तुमचीच आठवण झाली. तिलंग आला नाही. ओरडले नाहीत, म्हणाले जोग चांगला राग आहे, दुसऱ्या वर्षी शिकवीन, आता त्याला हात लावू नकोस.

तर यमन तिलवाड्यात ठरलं. गुरुजींनी अंतरा पुढे आणून दिला आणि सोबतीला जौनपुरीचा छोटा ख्याल. अकरा वाजता गाऊन बघितलं, काळी चारमध्ये तार गंधार खरंच ओढला जातो. पांढरी पाचला कसा आपोआप येऊन बसतो! पण आता मंद्र पंचम पोकळ लागतो. त्याचं काय करू? आजी अभंगावर राजी आहे, फक्त तो पुण्यातच गायचा अशी अट आहे. मावशी, भैरवीचं पद तुमच्याकडे शिकायला आले तर चालेल का? दौलतगंजातून छावनी काही लांब नाही.

आणि तंबोरा? न्यायचा की तिथे असतो? माझ्याकडे फोनवर ॲप आहे.

गाणारी मावशी (शिंदे की छावनी, ग्वाल्हेर)

ये की. गुरुजींना विचारून ये मात्र. दुपारी चारनंतर.

पेटीवाले काका (लष्कर, ग्वाल्हेर)

मंद्र पंचम पोकळ लागत असेल तर त्यावर ठाण मांडू नकोस. मंद्र निषाद आणि धैवतापर्यंत आलाप कर, पंचमाला स्पर्श करून वर ये, यमनात तेवढं पुरतं. सकाळी तासभर खर्जाचा (खालच्या सुरांचा) रियाज ठेव, दोन महिन्यांत तो भरेल, पण परीक्षेआधी भरेल या आशेवर बंदिश बसवू नकोस.

तंबोरा बहुतेक ठिकाणी असतो, पण तो काळी चारला मिळवलेला असेल आणि तुझ्यासाठी पुन्हा मिळवायला कुणी उठेलच असं नाही. ॲप ने. पांढरी पाच आणि पंचमाची जुळणी आधीच लावून ठेव, आत जाऊन स्क्रीन चाचपत बसू नकोस. फोन फ्लाइट मोडवर टाक. मागच्या खेपेला एका मुलीच्या अंतऱ्यात बँकेचा फोन आला, पर्सनल लोनसाठी.